बिघडलेली पेटी : दोष कसा शोधावा व हात कोठें थांबवावा

आपल्या मराठवाड्यांत असें गांव क्वचितच सांपडेल, कीं जेथें एकहि बाजाची पेटी नाहीं. चारठाण्यासारख्या जुन्या देवळांच्या गांवीं ती सप्ताहांत व भजनांत वाजते. ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेंत ती गीतांस साथ करिते. आणि शाळेंत सकाळच्या प्रार्थनेचा पहिला स्वर तीच देते. परंतु जेथें एक पेटी वाजत असते, तेथें दुसरी एखादी बिघडलेली पेटी माळ्यावर किंवा कपाटामागें पडलेलीहि बहुधा असते. तिला काय झालें आहे हें कोणी पाहिलेलें नसतें. “ती खराब झाली” एवढ्या एका वाक्यांत तिचा निकाल लागलेला असतो. ती पेटी कोणी वर्गणी गोळा करून, तर कोणी पोटास चिमटा घेऊन विकत घेतलेली असते, आणि नवी घ्यावयाची म्हटली तर आज कित्येक हजार रुपये मोजावे लागतात.

विद्यार्थ्यांनो, अशा पुष्कळ पेट्यांचा दोष चिमूटभर धुळीचा किंवा एका सैल स्क्रूचा असतो. तो शोधण्यास कारागिराचें कौशल्य लागत नाहीं. शांतपणें विचार करण्याची संवय मात्र लागते. त्याबरोबरच एक उलट गोष्टहि सांगितली पाहिजे. पेटी वापरानें जितकी बिघडत नाहीं, तितकी उतावळ्या दुरुस्तीनें बिघडते. म्हणून दोष कसा ओळखावा, कोणता उपाय घरीं करावा आणि कोणत्या ठिकाणीं हात आवरावा, या तीन गोष्टी या लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या वाद्याची थोडी ओळख करून घेऊं. हार्मोनियम हें मूळचें युरोपांतील वाद्य. पॅरिस येथील अलेक्झांडर दबें यानें १८४० च्या सुमारास त्यास तें रूप व तें नांव दिलें. त्या काळीं तें मेजाएवढें असून त्याचा भाता पायांनीं चालवीत. मिशनरी लोकांबरोबर व इतर युरोपियनांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. पण आपलें गाणें बैठकीवर बसून होतें. तेथें पायांचा भाता काय कामाचा? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाता पाठीमागें घेऊन तो डाव्या हातानें चालेल अशी लहान पेटी तयार केली. मराठी संगीत नाटकांनीं तिला घरोघर ओळखीची केली आणि गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनीं तिला स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याच मराठवाड्याचे आप्पा जळगांवकर यांनीं थोर थोर गायकांस पेटीची साथ केली, हेंहि आपण विसरतां कामा नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं भक्तिपर पदें तर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजहि पेटीवर गाइलीं जातात.

आतां पेटीची अंतर्रचना पाहूं. मागचा भाता आपण हातानें हलवितों. त्यांतील हवा पेटीच्या तळाशीं असलेल्या दुसऱ्या भात्यांत शिरते. या खालच्या भात्यावर कमानींचा दाब असल्यामुळें, मागचा भाता थांबून थांबून हलला तरी वर जाणारी हवा एकसारख्या जोरानें जाते. पुढच्या खुंट्या ओढल्या म्हणजे ही हवा सुरांच्या पोकळींत येते. तेथें एका फळीवर पितळेचे ‘सूर’ ओळीनें बसविलेले असतात. कारागीर त्यांस ‘रीड’ असेंहि म्हणतात. प्रत्येक सुरावर फळींत एक छिद्र असतें, आणि पट्टीच्या मागल्या अंगास चामडें व बनात लावलेली जी झांकणी असते, ती त्या छिद्रावर घट्ट बसलेली असते. आपण पट्टी पुढून दाबली कीं झांकणी मागें उचलली जाते, हवा सुरांतून बाहेर धांव घेते व स्वर उमटतो. बोट काढतांच तारेची कमान झांकणीला पुन्हां जागेवर बसविते.

खुद्द सुराची घडण फार साधी आहे. पितळेच्या लहानशा चौकटीला एक लांबट खांच असते. त्या खांचेवर पितळेचीच पातळ जीभ एका टोंकाशीं पक्की ठोकलेली असते. दुसरें टोंक मोकळें असून किंचित् वर उचललेलें असतें. हवा खांचेंतून जाऊं लागली कीं ही जीभ खांचेच्या आंतबाहेर थरथरते. एका सेकंदांत ती किती वेळां थरथरते यावर स्वराची उंची ठरते. लांब व जड जीभ सावकाश हलते म्हणून तिचा स्वर खर्जांतला; आंखूड व हलकी जीभ जलद हलते म्हणून तिचा स्वर तारांतला. जीभ व खांच यांच्यामधील फट इतकी अरुंद असते, कीं एखादा केंस किंवा धुळीचा बारीक कण तींत अडकला तरी सूर मुका होतो.

एवढें समजलें म्हणजे पेटीचे सर्व दोष चार वर्गांत बसतात : सुरांस हवा मिळत नाहीं, हवा नको तेथें जाते, जी जीभ हलावयाची ती हलत नाहीं, किंवा जें हलूं नये तें हलतें. यांपैकीं कोणता दोष आहे हें पेटी न उघडतां देखील पुष्कळ अंशीं कळतें. वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यास प्रश्न विचारतो, तसे पांच प्रश्न पेटीस विचारावे.

पहिला प्रश्न : दोष एकाच पट्टीचा आहे कीं सर्वांचा? सर्वांचा असेल तर तो भात्यांत किंवा हवेच्या वाटेंत शोधावा. एकीचाच असेल तर त्या पट्टींत अथवा तिच्या सुरांत. दुसरा : आवाज पट्टी दाबल्यावर बिघडतो, कीं पट्टी न दाबतांच होतो? तिसरा : पेटींत सुरांच्या दोन ओळी असून त्यांच्या खुंट्या निराळ्या असतील, तर एक खुंटी बंद केल्यानें दोष जातो काय? गेला तर तो त्या ओळीच्या सुरांत आहे. न गेला तर पट्टींत किंवा झांकणींत. चौथा : दोष बारमास आहे कीं पावसाळ्यांतच होतो? आणि पांचवा : तो केव्हांपासून आहे, व त्यापूर्वीं पेटी कोणी उघडली होती काय? या पांचांचीं उत्तरें कागदावर लिहून काढल्यावांचून पेचकस हातांत घेऊं नये, असा आमचा विद्यार्थ्यांना नेहमींचा आग्रह असतो.

आतां एकेक दोष घेऊं. भाता मारून हात थकतो, पण आवाज क्षीण येतो, अशी तक्रार असेल तर सर्व खुंट्या बंद करून भाता भरावा. मागचा भाता हातास घट्ट लागला व दाबून धरल्यास जागच्या जागीं राहिला, तर भाते निर्दोष आहेत. आतां खुंट्या उघडाव्या, पण पट्टी एकहि दाबूं नये. इतक्यांत भाता सैल पडला तर हवा वरच्या बाजूनें, म्हणजे झांकण्यांखालून किंवा फळीच्या सांध्यांतून जात आहे. उलट, खुंट्या बंद असतांनाच भाता ढिला पडत असेल तर छिद्र भात्यांतच आहे. तें शोधण्यास हाताची पाठ पाण्यानें ओली करून भात्याच्या घड्यांवरून सावकाश फिरवावी. जेथें गार झुळूक लागेल तेथें छिद्र. बहुधा तें घडीच्या कोंपऱ्यावर असतें, कारण तेथें कापड रोज दुमडतें. त्यावर मऊ पातळ चामड्याचें ठिगळ सरसानें लावावें आणि पुरें वाळेपर्यंत भाता हलवूं नये. वाळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ तेथें लावल्यास तो घडीबरोबर तडकतो आणि लहान छिद्राची मोठी चीर होते.

पट्टी न दाबतां एखादा स्वर एकसारखा वाजत राहतो, यास गांवांत ‘सूर लागून राहिला’ म्हणतात. अशा वेळीं पेटीचें वरचें झांकण काढून त्या पट्टीच्या झांकणीवर बोटानें हलकेंच दाबावें. स्वर थांबला तर झांकणी छिद्रावर नीट बसत नाहीं हें निश्चित झालें. मग तिच्याखालीं काडीकचरा आहे काय, बनात कसरीनें खाल्ली आहे काय, कीं तारेची कमान जागेवरून सरकली आहे, हें पाहावें. हीं कारणें डोळ्यांस दिसणारीं आहेत व त्यांचा उपायहि सोपा आहे. पण पावसाळ्यांत आणखी एक कारण होतें. सर्द हवेनें लांकूड फुगतें, पट्टी शेजारच्या पट्टीस घांसते व दाबली कीं तेथेंच बसून राहते. अशा वेळीं पुष्कळ लोक पट्टी काढून तिची कड तासतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि तेंच लांकूड आक्रसतें. मग तासलेली पट्टी सैल होऊन डुगडुगूं लागते व तिची झांकणी छिद्रावर वांकडी बसते. जो दोष दोन महिन्यांत आपोआप गेला असता, तो कायमचा झाला! यास्तव पावसाळ्यांत पट्टी घासूं लागल्यास पेटी कोरड्या खोलींत, चुलीपासून व उन्हापासून दूर, चार दिवस ठेवून वाट पाहावी.

एखादी पट्टी दाबली असतां स्वर मुळींच निघत नसेल, तर तिची झांकणी उचलते कीं नाहीं हें आधीं पाहावें. उचलत असेल तर सुरांत कण अडकला आहे असें समजावें. सुरांची फळी हलक्या हातानें वर घ्यावी, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी आणि पातळ, गुळगुळीत कागदाची पट्टी जिभेखालून एकदां सरकवावी. जीभ नखानें अगदीं हळू उचलून सोडल्यास ती बारीक आवाज देते. न दिल्यास कण अद्याप आहे किंवा जिभेस तडा गेला आहे. तडा गेलेल्या सुरास घरीं उपाय नाहीं. तो बदलावाच लागतो. गुजराथेंतील पालीताणा हें गांव पेटीचे सूर बनविण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि कारागीर पेटीचा जुना सूर पाहून त्याच्या जोडीचा दुसरा बसवूं शकतो. सुरांस तेल मात्र कधींहि लावूं नये; तेलावर धूळ बसते आणि आज मोकळा झालेला सूर महिन्याभरांत पुन्हां मुका होतो.

कुरकुर किंवा झणझण ऐकूं येते तेव्हां जें हलूं नये तें हलत असतें. सूर धरून ठेवणारा स्क्रू, जाळीचा खिळा, वरची कांच किंवा कडीचा आंकडा यांपैकीं कांहीं तरी सैल असतें. एकानें तीच पट्टी दाबून धरावी व दुसऱ्यानें या भागांवर क्रमानें बोट ठेवीत जावें. ज्यावर बोट ठेवतांच झणझण थांबेल तो अपराधी.

सर्वांत नाजूक दोष म्हणजे सूर बेसूर होणें. दोन ओळींतील एकाच स्वराचे सूर थोडे वेगळे झाले, कीं आवाजांत लाटा येऊं लागतात. एक जीभ सेकंदास २४० वेळां व दुसरी २४२ वेळां थरथरली, तर प्रत्येक सेकंदास दोन लाटा ऐकूं येतात. लाटा मोजल्या म्हणजे अंतर कळतें. कारागीर हें अंतर जीभ खरवडून काढतो. मोकळ्या टोंकाशीं पितळ खरवडलें तर जीभ हलकी होऊन स्वर चढतो. मुळाशीं खरवडलें तर जीभ लवचीक होऊन स्वर उतरतो. नियम दोन ओळींचा आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. तो ऐकून कोणासहि वाटतें कीं एक कानस आणली म्हणजे झालें.

आमच्या पाहण्यांत एका भजनी मंडळाची पेटी आली होती. तिच्या मध्य सप्तकांतील तीन स्वर उतरल्यासारखे लागत होते. कोणा हौशी गृहस्थानें वरील नियम ऐकून त्या तिन्ही सुरांच्या टोंकांस कानस लाविली व स्वर जुळविले. पुढें कांहीं दिवसांनीं तेच स्वर चढलेले लागूं लागले. कारण असें, कीं त्या जिभांच्या टोंकांवर धूळ व ओलावा मिळून पुट बसलें होतें. त्या पुटाच्या भारानें जिभा जड होऊन स्वर उतरले होते. वाजवितां वाजवितां पुट झडलें, आणि खरवडलेल्या हलक्या जिभा आतां योग्य स्वराच्या वर गेल्या. आतां मुळाशीं खरवडून स्वर उतरवितां येईल खरा. पण पितळ दोन्हीकडून जाऊन जीभ दुबळी होईल, तिचा आवाज बारीक होईल व ती लौकर मोडेल. जेथें कुंचल्याचे चार फटकारे पुरे होते, तेथें तीन सूर नवे घालावे लागले. मंडळाचे लोक गरीब होते, आणि तो खर्च त्यांच्या वर्षाच्या शिलकींतून गेला.

यावरून जो नियम निघतो तो आमच्या मतें या सर्व विषयाचें सार आहे : जो उपाय मागें घेतां येतो तो आधीं करावा, आणि जो मागें घेतां येत नाहीं तो सर्वांत शेवटीं, व तोहि जाणत्याच्या हातून. धूळ झाडणें, स्क्रू आवळणें, कमान जागेवर बसविणें, पेटी कोरडी होऊं देणें, हे उपाय चुकले तरी कांहीं गमावत नाहीं. तासलेलें लांकूड व खरवडलेलें पितळ मात्र परत आणतां येत नाहीं.

आणखी एक विवेक सांगावयाचा राहिला. पेटींतील प्रत्येक उणीव हा बिघाड नव्हे. कित्येकदां गायक म्हणतो, “पेटीचा गंधार खुपतो,” आणि मालक ती दुरुस्तीस नेतो. पण पेटींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्ज २४० धरला तर कानास गोड लागणारा शुद्ध गंधार ३०० येतो. पेटीचा मात्र सुमारें ३०२.४ असतो. पंचम ३६० यावा तो ३५९.६ येतो, म्हणून पंचम खुपत नाहीं व गंधार खुपतो. हा त्या वाद्याच्या घडणीचा स्वभाव आहे. शिवाय स्वरांमधील मींड पेटीवर निघत नाहीं. अशा उणीवांमुळेंच रेडिओवर १९४० सालीं पेटीस जी बंदी झाली, ती १९७१ पर्यंत राहिली. आपल्याकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनीं १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी तयार करविली ती हीच उणीव भरून काढण्यासाठीं. सांगावयाचें तात्पर्य हें, कीं रचनेची मर्यादा कानशीनें जात नाहीं. जी गोष्ट बिघडलेलीच नाहीं ती दुरुस्त करूं जाणें हाहि एक प्रकारचा बिघाडच होय.

शेवटीं पालकांसाठीं निगेच्या चार गोष्टी. वाजवून झाल्यावर भाता बंद करून कडी लावावी व पेटीवर कापड घालावें. ती जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावी, म्हणजे ओल व उंदीर यांपासून राखली जाते. पट्टी दाबल्यावांचून किंवा खुंटी उघडल्यावांचून भाता जोरानें मारूं नये. कोंडलेली हवा सांधे फाडते. आणि महिनोन्महिने बंद ठेवलेल्या पेटीपेक्षां रोज थोडी वाजणारी पेटी अधिक टिकते, हें लक्षांत ठेवावें.

येत्या सुट्टींत ज्या विद्यार्थ्याच्या घरीं अशी पडून राहिलेली पेटी असेल, त्यानें वडील माणसांच्या परवानगीनें ती खालीं काढावी, वरचे पांच प्रश्न तिला विचारावे आणि उत्तरें लिहून आणावीं. पुष्कळ पेट्या कुंचल्यानें व पेचकसानेंच बोलूं लागतील. ज्या बोलणार नाहींत त्या कारागिराकडे नेतांना, दोष कोठें आहे हें तरी त्यास नेमकें सांगतां येईल. त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वांचतील. निदान कोणाची पेटी न पाहतां मोडींत जाऊं नये आणि कोणाचा चांगला सूर कानशीखालीं जाऊं नये, एवढी इच्छा दर्शवून आम्ही हा लेख पुरा करितों.